कॅरॅव्हॅनचा मोटर मूव्हर: कोकणातल्या अंगणासाठी घ्यावा का?

कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. ती गाडीला जोडताना सगळ्यात जास्त वेळ शेवटचे दोन फूट खातात. गाडी मागे घ्यायची, उतरून बघायचं, टो-बॉल (गाडीमागचा जोडणीचा गोळा) चार इंच डावीकडे राहिलाय म्हणून पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मोकळ्या मैदानात हे कसंबसं जमतं. कोकणातल्या वाडीत मैदान कुठून आणणार? आत येणारी वाट एका गाडीपुरती, दोन्ही अंगांना चिऱ्याचा गडगा, अंगणाला उतार, मध्येच एखादी पोफळ. हजार-बाराशे किलोची कॅरॅव्हॅन सपाटीवर चार जण ढकलतील, पण उताराला लागली तर त्याच चौघांना ती धरता येणार नाही. मोटर मूव्हर विकत घ्यायचा तो या जागेसाठी आणि या दोन फुटांसाठी.

यंत्र तसं साधं आहे. कॅरॅव्हॅनच्या चासीखाली, दोन्ही चाकांशेजारी एकेक 12 व्होल्टची मोटर बसते. मोटरला गिअर आणि गिअरला खरखरीत पृष्ठभागाचा ॲल्युमिनियमचा रोलर. रोलर टायरवर दाबून बसवला की मोटर टायर फिरवते. दोन्ही मोटरी रिमोटवर स्वतंत्र चालतात, त्यामुळे कॅरॅव्हॅन पुढे-मागे जातेच, शिवाय एकेरी आसाची असेल तर जागच्या जागी वळतेही. बटण सोडलं की थांबते. वेग मुद्दाम कमी ठेवलेला, मिनिटाला साधारण दहा मीटर. जर्मनीच्या ट्रुमा, राइख, आल-को आणि ब्रिटनची पॉवरटच ही या धंद्यातली जुनी नावं. सगळ्यांचा मूळ सांगाडा सारखाच. फरक असतो तो रोलर टायरला कसा लावायचा यात. एका प्रकारात लांब पाना घालून हातानं लावायचा, दुसऱ्यात बटण दाबलं की छोट्या मोटरी तो लावतात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यानं हातानं लावायचा संच घ्यावा. स्वयंचलित संच हातात घेतल्यावर छान वाटतो, पण त्यात दोन जास्तीच्या मोटरी, सरकणारे स्क्रू आणि लिमिट स्विच (हद्द आली की मोटर थांबवणारे) येतात, आणि खारी हवा नेमकी अशाच बारीक जागांत शिरते. हातानं लावायचा रोलर गंजून अडकला तर पान्यानं सुटतो. स्वयंचलित अडकला तर पावसात गाडीखाली झोपून कव्हर उघडावं लागतं. कंबर किंवा गुडघे साथ देत नसतील तर गोष्ट वेगळी. मग स्वयंचलित घ्या आणि दर महिन्याला एकदा रोलर लावून-सोडून बघा.

आता जोडणी. बहुतेक जण शिकतात ती बघून-बघून, आणि क्रम चुकला की नुकसान होतं, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

सुरुवातीला कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक लावलेला आणि चाकांना ठोकळे असले पाहिजेत. चारही कोपऱ्यांचे टेकू वर, गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, विजेची वायर काढलेली. गाडी मागे घेऊन कपलरपासून (कॅरॅव्हॅनच्या नाकावरची, बॉलवर बसणारी पकड) दीड-दोन फुटांवर थांबवायची आणि तिचा हँडब्रेक ओढून गिअरमध्ये टाकायची. इथून पुढे गाडी हलत नाही, कॅरॅव्हॅन गाडीकडे येते. सवय नसलेल्यांचा गोंधळ होतो तो इथेच: दोन्ही हलवायला जातात.

मग कॅरॅव्हॅनमधल्या बॅटरीचा मुख्य स्विच चालू करून दोन्ही रोलर टायरला लावायचे. हँडब्रेक अजून ओढलेलाच. दोन्ही बाजूंचे रोलर टायरमध्ये सारखे रुतलेत हे वाकून, डोळ्यांनी बघायचं. एकीकडे रोलर लागल्याची खूण पूर्ण आली आणि दुसरीकडे अर्धी राहिली असेल तर पुढे जायचं नाही. त्यानंतरच ठोकळे काढायचे आणि शेवटी कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक सोडायचा. उतारावर कॅरॅव्हॅन किंचित सरकून रोलरवर बसते. गिअरमुळे रोलर आपोआप उलटा फिरत नाही, म्हणून ती तिथेच थांबते. पण रोलर म्हणजे ब्रेक नव्हे. कॅरॅव्हॅन नुसत्या रोलरवर सोडून चहाला जाऊ नये.

जॉकी व्हील (नाकाखालचं वर-खाली होणारं छोटं चाक) फिरवून कपलरचा खालचा काठ बॉलच्या माथ्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर वर घ्यायचा. कमी ठेवला तर शेवटच्या क्षणी कपलर बॉलला धडकतो आणि बंपरला पोचा येतो. कॅरॅव्हॅन दिशा बदलते तेव्हा जॉकी व्हील अर्धवर्तुळात फिरतं. त्याला फिरायला जागा आणि दोन सेकंद द्या, नाहीतर त्याचा क्लॅम्प वाकडा होतो. जमीन मऊ असेल तर त्याच्याखाली फळी टाकायची. एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के भार कपलरवर असतो, म्हणजे 1200 किलोच्या कॅरॅव्हॅनला 60 ते 84 किलो, आणि हे सगळं त्या एवढ्याशा चाकावर.

रिमोट घेऊन बाजूला उभं राहायचं, बॉल आणि कपलर दोन्ही दिसतील अशा जागी. गाडी आणि कॅरॅव्हॅन यांच्या मध्ये कधीही नाही, लहान मूल किंवा कुत्रं तर नाहीच. शेवटच्या वीतभर अंतरात बटण दाबून धरायचं नाही, टिचक्या मारायच्या. जमीन आडव्या उताराची असेल तर नाक खालच्या बाजूला ओढलं जातं. पुढे जाताना खालच्या बाजूचं चाक थोडं जास्त चालवलं की ते परत वर येतं. हे दोन-तीनदा केलं की हाताला कळतं.

कपलर बॉलच्या बरोबर वर आला की हँडब्रेक ओढायचा, मग जॉकी व्हील खाली सोडायचं. कपलर बसल्याचा आवाज येतो, खूण हिरवी दिसते. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. जॉकी व्हील पुन्हा उलटं फिरवून गाडीचं मागचं अंग दोन-तीन सेंटिमीटर उचललं जातंय का बघा. उचललं गेलं तर कपलर खरोखर पकडलाय. मग जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन आवळायचं, सुटल्यास ब्रेक ओढणारी केबल लावायची, लाइटचा प्लग जोडायचा आणि इंडिकेटर-ब्रेकलाइट तपासायचे.

रोलर सोडायचे ते सगळ्यात शेवटी, आणि हँडब्रेक ओढलेला असतानाच. इथे उतारावर एक फसवी गोष्ट घडते. रिव्हर्स घेताना आपोआप सुटणारे ब्रेक असलेली कॅरॅव्हॅन हँडब्रेक ओढल्यावरही वीतभर मागे सरकू शकते, तेवढं सरकल्यावरच ब्रेक पुरता धरतो आणि हँडब्रेकचा दांडा स्वतःहून आणखी वर उडी घेतो. रोलर लावलेले असताना हे कळत नाही. सोडले की झटका बसतो. म्हणून मागच्या बाजूला उतार असेल तर रोलर सोडण्यापूर्वी चाकामागे ठोकळा पुन्हा ठेवा. दोन्ही बाजूंना रोलर आणि टायर यांच्यात सुमारे 2 सेंटिमीटरची फट दिसली की मुख्य स्विच बंद करायचा, ठोकळा काढायचा, कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक सोडायचा आणि निघायचं.

रोलर लावलेले राहून गाडी रस्त्यावर काढली तर टायरच मोटर आणि गिअर भलत्याच वेगानं फिरवतो. टायर घासतो, गिअर जातो, आणि वॉरंटी मिळत नाही. पुष्कळ संचांत गाडीचा प्लग लावला की मूव्हर चालत नाही, पण रोलर टायरवर आहे की नाही हे त्या सोयीला कळत नसतं.

कोकणासाठी आणखी एक. खाऱ्या हवेनं गंजू नये म्हणून टो-बॉलला ग्रीस चोपडायची सवय सगळीकडे आहे. कपलरमध्ये घर्षणाचा स्टॅबिलायझर (बॉलला पॅडनी दाबून डोलणं रोखणारा) असेल तर हे अजिबात करू नका. त्याच्या पॅडना ग्रीस लागलं की ते पकडत नाहीत आणि घाटात कॅरॅव्हॅन शेपटासारखी हलायला लागते. बॉल कोरडा ठेवा, वर प्लास्टिकची टोपी घाला, गंज धरला तर पॉलिश पेपरनं घासा.

आता ताकदीचा प्रश्न. कंपन्या सांगतात की अमुक वजन, 15 ते 25 टक्के चढ. ते आकडे खोटे नसतात, पण ते कडक, कोरड्या जमिनीचे असतात. हिशोब स्वतः करून बघावा. 1200 किलोची कॅरॅव्हॅन 15 टक्के चढावर न्यायला, म्हणजे शंभर फुटांत पंधरा फूट उंची, सुमारे 180 किलोचा जोर लागतो. काँक्रीटवर चाक लोळवायला त्यात वीसेक किलोची भर पडते. तीच कॅरॅव्हॅन पावसाळी मऊ मातीत असेल तर वीसच्या जागी शंभर-सव्वाशे किलो धरा. सुक्या पुळणीत हा आकडा अडीचशे ते साडेतीनशे किलोवर जातो, तोही सपाटीवर. म्हणजे समुद्रकाठची सपाट वाळू ही मूव्हरच्या दृष्टीनं 20 ते 25 टक्के चढाच्या तोडीची किंवा त्याहून वाईट. गुहागर, आंजर्ले, तारकर्लीला सुरूच्या बनाच्या कडेला जागा दिसली म्हणून आत घालू नये. टायर फिरतो, खड्डा खणतो, आस वाळूला टेकते. मूव्हरच्या नावाने शंख करण्यात मग अर्थ नसतो.

चढापेक्षा फसवी असते ती पकड. जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात उत्तम: खडबडीत, कोरडा, टायर घट्ट धरतो. जून उजाडला की त्याच कातळावर आणि चिऱ्यांच्या फरसबंदीवर शेवाळ येतं. तिथे रोलर टायरला नीट धरून असतो, मोटरही जोर लावते, आणि टायरच जमिनीवरून घसरतो. यावर मूव्हरमध्ये कुठलाही इलाज नाही. शेवाळ घासून काढणं, किंवा चाकांखाली रबरी चटई घालणं, एवढेच उपाय. टायरच्या खाचांत लाल चिखल भरला असेल तर रोलरही घसरतो. नळीनं टायर धुऊन घ्यावा. दोन्ही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले आणि हवा बरोबर असलेले हवेत. हवा कमी असेल तर रोलरची पकड नीट बसत नाही. टायरचं माप बदललं तर रोलरची फट पुन्हा लावून घ्यावी लागते, हे टायरवाल्याला माहीत नसतं.

अंगणात कायमची सोय करायची तर चाकांच्या मापानं काँक्रीटच्या दोन पट्ट्या घालाव्यात. चिऱ्यांच्या पट्ट्या दिसायला छान असतात, पण कॅरॅव्हॅन एका चाकावर वळली की चिऱ्याच्या कडा झडतात आणि तीच बारीक खडी रोलर आणि टायरच्या मध्ये जाते. उंबऱ्याएवढी कडा तर विसराच. 2 सेंटिमीटरपेक्षा उंच अडथळा आला की लाकडी पाचर लावावी लागते. राज्याच्या 2021 च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणात कॅरॅव्हॅन पार्कांची कल्पना आहे. होमस्टेवाले जागा तयार करत असतील तर त्यांनी शोभेच्या पेव्हर ब्लॉकांआधी अशा दोन पट्ट्यांचा विचार करावा.

'मूव्हर चढत नाही' अशी तक्रार असेल तर दोष बहुधा बॅटरीकडे किंवा वायरींकडे निघतो. सपाटीवर संच साधारण 20 ते 40 अँपिअर घेतो, चढावर किंवा अडकल्यावर 100 च्या वर. दहा मिनिटं 35 अँपिअर म्हणजे जेमतेम 6 अँपिअर-तास, तेव्हा साठा संपत नाही. जुन्या बॅटरीवर 100 अँपिअरचा भार आला की व्होल्टेज 12 वरून 10 च्या खाली कोसळतं आणि मूव्हरचा कंट्रोल बॉक्स स्वतःला वाचवायला बंद पडतो. मीटर लावून बघणाऱ्याला बॅटरी 'फुल' दिसते, कारण भार नसताना ती 12.7 दाखवते. तपासायची ती भार देऊन. विश्रांतीत 12.2 म्हणजे निम्मी रिकामी, अशा वेळी चढाचा प्रयत्न करू नये.

वायरींचा हिशोब तर इलेक्ट्रिशियनला कागदावरच मांडून दाखवा. बॅटरी ते मोटर पाच मीटर, परतीचे धरून दहा. तांब्याची 10 चौरस मिलिमीटरची वायर असेल तर 100 अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वायरीतच जातात. 16 ची घातली तर 1.1 व्होल्ट, 35 ची घातली तर अर्धा. घरच्या वायरिंगची सवय असलेला माणूस 'दहाची पुरे की' म्हणेल. ऐकू नका. लग (वायरीच्या टोकाची कडी) दाबायच्या पकडीनं दाबलेले हवेत, नुसते डाग दिलेले नकोत. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून फूटभराच्या आत.

बॅटरी 100 अँपिअर-तासाची एजीएम (पाणी घालावं न लागणारी, बंद लेड-ॲसिड) घ्यावी. लिथियम घेतली तर वजन निम्म्याहून कमी होतं, पण तिचा बीएमएस (आतलं संरक्षक सर्किट) एकदम किती अँपिअर सोडतो ते लेबलवर वाचा. 100 वर तुटणारा बीएमएस ऐन चढावर वीज तोडेल. चालत्या गाडीच्या प्लगमधून होणारं चार्जिंग पुरेसं नसतं, वेगळा चार्जर हवा. पावसाळ्यात चार महिने कॅरॅव्हॅन शेडमध्ये उभी राहते. महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा, आणि वीज गेली असेल तर ती आल्यावर आठवणीनं पुन्हा लावा. छपरावरच्या सोलरवर जुलैत भिस्त ठेवू नये, आणि माडाखाली तर कधीच नाही. मुख्य स्विच बंद ठेवा, कारण कंट्रोल बॉक्स थोडी वीज सतत पीत असतो. वायरी पाइपातून न्या. उंदरांना बंद शेडमधली वायर भारी आवडते.

गंजाबद्दल थोडक्यात. गोड्या पाण्यानं नळी लावून धुणं चांगलं, प्रेशर वॉशर मोटरवर मारणं वाईट. सील असलं तरी दाबाखालचं पाणी आत जातं. सरकणाऱ्या भागांवर कोरडा सिलिकॉन स्प्रे, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन. रोलरला आणि टायरला तेल-ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. चोरीच्या भीतीनं काही जण पावसाळाभर रोलर टायरला लावून ठेवतात. त्यानं टायरवर कायमचा खड्डा पडतो; त्यापेक्षा चाकाला कुलूप घाला.

बसवणं ही या सगळ्यातली खरी अडचण. युरोपातले संच तिथल्या चासीसाठी बनलेले असतात: एल किंवा यू आकाराचा पत्रा, त्यावर क्लॅम्प. आपल्याकडे बांधलेल्या ट्रेलरची चासी पुष्कळदा चौकोनी बॉक्स पाइपची असते आणि क्लॅम्प तिला धरत नाही. फॅब्रिकेटर लगेच म्हणतो, वेल्डिंग मारून टाकू. पातळ, गॅल्व्हनाइज्ड चासीला वेल्डिंग किंवा भोक म्हणजे तिथूनच गंज आणि तडा, आणि आल-कोसारख्या चासीला भोक पाडायला कंपनीची परवानगीच नाही. बॉक्स पाइपला दोन्ही बाजूंनी मिठी मारणारी प्लेट नट-बोल्टनं आवळून घ्यावी, टॉर्क रेंचनं, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावी. दोन्ही मोटरी आसाला समांतर हव्यात; एक जरी तिरकी असेल तर कॅरॅव्हॅन सरळ जात नाही आणि टायर एका कडेनं झिजतो.

संच 30 किलोच्या आसपास, बॅटरी 25 ते 30. म्हणजे सामानाच्या क्षमतेतून 55-60 किलो गेले, पाण्याच्या टाकीतले 50 लिटर सोबत नेण्यापूर्वीच. शिवाय मोटरी चासीखाली लोंबतात. कॅरॅव्हॅन भरून जमिनीपासूनचं अंतर मोजा. ते 11-12 सेंटिमीटरवर आलं असेल तर गावोगावच्या अवाढव्य गतिरोधकांवर, आणि दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीच्या रॅम्पवर ओहोटीच्या वेळी, पहिला मार मूव्हरलाच बसेल. फेरीवर चढायचं तर भरतीची वेळ बघून जा आणि रॅम्पच्या कोनात एकानं खाली वाकून बघत राहा.

हातानं लावायचा संच ब्रिटनमध्येही स्वस्त नाही, आणि स्वयंचलित त्याहून महाग. वर जहाजभाडं, आयातशुल्क आणि इथली फिटिंग. वर्षातून दोनदा सपाट पार्किंगमधून बाहेर निघणाऱ्याला हा खर्च परवडत नाही, त्याला चार माणसं आणि एक फळी पुरते. उताराच्या अंगणात, गडग्याच्या आत कॅरॅव्हॅन ठेवणाऱ्याला, किंवा एकट्यानं फिरणाऱ्याला, पाचपैकी चार गुण. वाळूवर उभं राहायचं स्वप्न असेल तर शून्य.

ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: आपल्या चासीचं माप कळवून मिळालेला क्लॅम्पचा प्रकार, भरलेल्या वजनाला धरून चढाची मर्यादा, कंट्रोल बॉक्स आणि रिमोट सुटे मिळतात का, आणि मोटरचे सील बदलता येतात का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर किनाऱ्यासाठी तो संच घेऊ नका.